फुटल्याशिवाय पाटी नाही

मामा ज्या रोपवाटिकेत कलमं बांधायचा, तिथे मागच्या शेडमध्ये सिमेंटचं एक लांब बाक होतं. त्यावर काळ्या पिशव्यांतली रोपं खेटून उभी असत, शंभर, कधी दीडशे, आणि एकालाही पाटी नसे. पुढे गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या प्रत्येक झाडाच्या गळ्यात पत्र्याची पाटी असायची, खिळ्याने टोचून नाव लिहिलेली. मागच्या बाकावर मात्र नुसते खुंट आणि त्यांच्यावर गुंडाळलेल्या पांढऱ्या पट्ट्या. लहानपणी मला ते दवाखान्यासारखं वाटायचं. सगळ्यांना बँडेज बांधलंय आणि कुणीच बोलत नाही.

"ह्यातला गुलाबी कुठला?" मी विचारायचे.

"फुटला की सांगतो."

"पण तुला माहीत आहे ना?"

"मला माहीत असून काय उपयोग? त्याला माहीत पाहिजे."

फुटल्याशिवाय पाटी नाही, हा मामाचा नियम होता. तो त्याला एका लाजिरवाण्या दुपारी शिकायला मिळाला. सतराव्या वर्षी तो तिथे कामाला लागला तेव्हा अक्षर चांगलं म्हणून त्याला पाट्या लिहायला बसवलं होतं. त्याने उत्साहाच्या भरात, खुंटांच्या सालीत कलमांचे डोळे भरले त्याच दिवशी, लिंबाच्या अख्ख्या बाकाला पाट्या लटकवून टाकल्या. पुढच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. खुंटांवर बसवलेले डोळे काळे पडून गळून गेले. काटक्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येक काटकीच्या गळ्यात दिमाखदार नाव. पाट्या वाचून आधीच झाडं सांगून ठेवलेले एक म्हातारे गृहस्थ ती न्यायला आले. ते रागावले नाहीत. त्यांनी एक पाटी हातात धरून वाचली, काटकीकडे पाहिलं, आणि पाटी पुन्हा वाचली. मग तिथल्या जुन्या कलमवाल्याने मामाला एकेक पाटी उतरवायला लावली, हातोडीने सपाट करायला लावली, आणि एवढंच म्हणाला, "पोरा, पाटी म्हणजे बातमी. आपल्या मनातली इच्छा नव्हे."

मामाने ते एवढं मनावर घेतलं की घरातल्या मांजरीला नऊ वर्षं नाव नव्हतं. "टिकते का बघू," तो म्हणायचा. मांजर टिकली, म्हातारी झाली आणि एका सकाळी जिन्याखाली मेलेली सापडली. मामी म्हणाली, "घ्या. आता तरी ठेवा नाव."

मी कॉलेजसाठी त्यांच्या घरी राहायला गेले तेव्हा मामा रोपवाटिकेतला सगळ्यात जुना माणूस झाला होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. उजव्या अंगठ्याचं नख तो मुद्दाम वाढवायचा, साल अलगद उचलायला. बोलायचा कमी. डोळा बसवताना तर श्वासही धरून ठेवायचा, जणू फुंकरीने तो उडून जाईल. त्याच्या हातची शंभरातली नव्वदाच्या वर कलमं जगत, आणि ह्याचा त्याला अभिमान होता. पण एक गोष्ट त्याला आतून कुरतडायची. ती त्याने मला एकदाच सांगितली. पाट्यांचा डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"ह्या गुलाबाला कुणा परक्या माणसाच्या बायकोचं नाव आहे," तो म्हणाला. "तिला मी पाहिलेलं नाही, ती मला ओळखत नाही. आणि तिचं नाव मी आयुष्यात पाच-दहा हजार वेळा लिहिलं असेल. लाखभर झाडं गेली गं माझ्या हातची. एकाही झाडावर माझा शब्द नाही."

मी म्हटलं, "पण झाडं तर तुझीच आहेत."

"कुणाला माहीत आहे?"

मामी त्याच रोपवाटिकेत खुरपणीला होती. दिवसभर उकिडवं बसून पिशव्यांमधलं, वाफ्यांमधलं तण काढायचं. त्यातही लव्हाळा वाईट. वरून ओढला की पातं हातात येतं आणि खालची गाठ जमिनीत हसत बसते. वीस वर्षं अशी बसल्यावर मामीचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी बसायची मनाई केली. मामीने डॉक्टरांना मनाई केली आणि कामावर जात राहिली. एक दिवस वाफ्यात बसली ती उठूच शकली नाही. दोघी जणींनी काखेत हात घालून तिला उचललं, तेव्हा वेदनेने डोळ्यांत पाणी असताना ती त्यांना म्हणाली, "मुळासकट काढा गं बायांनो. अर्धी राहिले तर परत उगवेन."

सगळ्या हसल्या. मामा पलीकडच्या शेडमध्ये होता. त्याने ऐकलं. घरी आल्यावर त्याने खिडकीच्या पडद्याचा दांडा काढला.

उभ्याने तण काढता येईल असं अवजार करायला त्याला तीन हिवाळे लागले. आधी मोडक्या छत्रीच्या काड्या लावून पाहिल्या, त्या वाकल्या. मग सायकलच्या स्पोकच्या, त्यांनी तण कापलं आणि मूळ आतच ठेवलं. मागच्या दाराला आपोआप लावणारी स्प्रिंग त्याने काढून घेतली, आणि त्यानंतर ते दार जन्मभर धाडकन आपटत राहिलं. शेवटी जुन्या करवतीच्या पात्यातून त्याने चार बोटं कापली, घासली, तापवून वाकवली. कमरेएवढा दांडा. खाली ती चार बोटं. बाजूला पाय ठेवायला पट्टी. बोटं तणाच्या भोवती टेकवायची, पट्टीवर पाय द्यायचा, की ती जमिनीत शिरत. दांडा जरा कलता केला की बोटं मूठ आवळत. वर उचललं की मूळ, गाठ, मातीसकट सगळं बाहेर. दांड्याच्या टोकाला दाराच्या मुठीसारखं बोंड होतं. ते दाबलं की खट् असा आवाज व्हायचा आणि तण बादलीत पडायचं.

पट्टी मामाने डाव्या बाजूला लावली होती. मामीचा डावा गुडघा शाबूत होता.

पहिला लव्हाळा गाठींसकट वर आला त्या दिवशी मी अंगणात होते. मामी दांडा धरून ताठ उभी होती आणि त्या लोंबणाऱ्या गाठींकडे, चोर पकडल्यासारखी, बघत होती.

"आली की हो सटवी अख्खीच्या अख्खी!"

मग तिने मामाकडे पाहिलं. "ह्याला म्हणायचं काय?"

"बघू," मामा म्हणाला.

मामी उभ्याने कामावर परत गेली. बाजारातल्या अवजारांच्या दुकानाचा मालक रोपवाटिकेत झारे आणि खुरपी पोहोचवायला यायचा, त्याने तिला पाहिलं. मोठा हसरा माणूस, कानावर कायम पेन्सिल. त्याने हातातला हिशोब सोडला आणि पाच मिनिटं मामीच्या मागे मागे फिरला.

"मास्तर, हे काय आहे?"

"तण काढायचं आहे."

"ते दिसतंय. नाव काय?"

"अजून नाही."

"अहो, मग ठेवा! मी दोनशे नग करवून घेतो. वर्कशॉपवाला माझ्या ओळखीचा आहे. नोंदणीचा फॉर्म आणून देतो, त्याला चित्र जोडायचं, नाव लिहायचं, खाली तुमची सही. वस्तूही तुमची, नावही तुमचं. मला नुसतं विकायला द्या. पण नाव पाहिजे. खोक्यावर काय छापू, 'मास्तरांच्या मंडळींचं ते हे'?"

"ते चालेल की," मामी म्हणाली.

त्या दिवशी मामा घरी आला तो वेगळाच माणूस होता. दोनदा चहा मागितला. कागद आणून चित्र काढायला बसला, फूटपट्टीने मोजून, बाजूने, वरून, बोटं उघडी, बोटं मिटलेली. मला म्हणाला, "लोखंडावर शब्द ठोकतात, माहीत आहे? पुसत नाही. दांडा मोडला तरी पट्टीवर राहतो." चित्रात त्याने पाय ठेवायच्या पट्टीवर दोन बोटं रुंद जागा कोरी सोडली होती. त्या जागेकडे तो पुन्हा पुन्हा पाहत होता. एक शब्द, आणि तो त्याने स्वतः दिलेला. एवढंच त्याला हवं होतं.

आणि तरीही तो नाव ठेवेना.

"घरचं माणूस वापरतंय ते खरं नव्हे," त्याचं म्हणणं. "परक्याच्या हातात एक हंगाम टिकू दे. आधी फुटू दे."

"अहो, लोक पोटात असल्यापासून नावं शोधतात," मामी म्हणाली, "आणि तुमचं हे दारात चालतंय, फिरतंय, कामाला जातंय!"

"मग अजून थोडं चालू दे."

चित्राची एक प्रत त्याने दुकानदाराला दिली आणि त्यावरून बारा नग करवून घेतले. पट्टीवर कोरी जागा ठेवून ते ओळखीच्या बारा माळ्यांना हंगामभर वापरायला वाटले. नाव शोधायचं काम माझ्याकडे आलं. "एवढी पुस्तकं वाचतेस," मामा म्हणाला, "त्यातलाच एखादा शब्द असेल पडलेला."

मी वही केली. मला ते काम फार आवडलं, हे आज सांगायला जड जातं. जेवताना मी नावं वाचून दाखवायचे.

"तणमोचन."

"पोट साफ करायचं औषध वाटतं," मामी.

"मूलग्राही."

"हे कोण, तुमचे प्राध्यापक?"

"सुखकंबर?"

"अगं, हे पट्ट्याचं नाव. कंबरेला बांधायच्या."

"बरं, मग धरित्रीकन्या."

मामीने घास खाली ठेवला. "धरित्रीकन्या घेऊन लव्हाळा काढायचा? मला आधी अंघोळ करून यावं लागेल."

मामा ताटात बघून हसायचा. त्या काळात तो जितका हसला तितका मी त्याला नंतर कधी पाहिला नाही. वहीत त्रेचाळीस नावं झाली. प्रत्येकाला काहीतरी खोट निघायची आणि मला वाटायचं, पुढच्या पानावर तो शब्द उभा असेल.

दुकानदाराने तीनदा विचारलं. पहिल्यांदा हसत विचारलं. दुसऱ्यांदा, "मास्तर, हंगाम माझी वाट बघत नाही," असं म्हणाला. तिसऱ्यांदा तो घरी आला तेव्हा मामा नव्हता, मी फाटकाशी होते.

"ह्या आठवड्यात नाव पाहिजे म्हणावं. नंतर खोकेवाला हातचा जातो. दुसरे लोकही मागे लागलेत असलं काही करायच्या."

"थोडं थांबा ना काका. अगदी चांगलं नाव सापडत आलंय."

त्याने पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली. "बाळ, चांगलं कशाला पाहिजे? नाव पाहिजे."

मी संध्याकाळी मामाला ते सांगितलं. पण कसं सांगितलं? त्याची नक्कल करून. पेन्सिल कानावरून काढून परत ठेवून. आम्ही तिघं हसलो, आणि निरोप त्या हसण्यात वाहून गेला. "बारा माळ्यांना विचारून येतो, मग ठेवू," मामा म्हणाला. "थोडेच दिवस राहिलेत हंगामाचे."

थोडेच दिवस म्हणजे अडीच आठवडे. मामा सुट्टीच्या दिवशी सायकलवर एकेकाकडे जाऊन आला. अकरा नग धडधाकट होते. एकाचं बोट दगडावर आपटून तुटलं होतं. एका म्हाताऱ्या माळ्याने मामाला पाहिल्यावर ते अवजार पाठीमागे लपवलं. "परत मागायला आला असाल तर आल्या वाटेने जा," म्हणाला.

हे मामाने आम्हाला दोनदा सांगितलं. फुटलं होतं.

त्याच संध्याकाळी त्याने मामीला पहिल्यांदा नीट विचारलं, "तू काय म्हणतेस ह्याला?"

"मी कुठे काय म्हणते?"

"अगं, कामावर मागताना काही म्हणत असशील ना."

मामी विचारात पडली. "खुरपी घेऊन बसायचं, म्हणून ती बसती. आणि ही उभी. आम्ही सगळ्या तेच म्हणतो. 'आज उभी कुणाकडे आहे? माझ्याकडे दे गं उभी.' हे काय नाव आहे होय?"

माझी वही माझ्या मांडीवर होती. वर्षभर सात-आठ बायका रोज तो शब्द बोलत होत्या, मी कितीदा तिथे गेले होते, आणि मला तो ऐकू आला नव्हता.

मामाने पत्र्याची एक कोरी पाटी काढली. खिळा आणि हातोडी घेतली. टिंबाटिंबांनी, त्याच्या त्या वळणदार अक्षरात, त्याने लिहिलं: उभी. पाटी हातात धरून दूर नेली, जवळ आणली. मग मामीकडे दिली. मामीने ती वाचली आणि पदराने पुसली, धूळ नसताना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो मला घेऊन नोंदणीच्या कचेरीत गेला. पांढरा धुतलेला शर्ट, खिशात पाटी. वाटेत दुकान लागलं. बाहेर खोकी उतरत होती, दुकानदार आत असावा. "येताना सांगू त्याला," मामा म्हणाला, "शिक्का मारूनच."

कचेरीत लांब खोली, भिंतीपर्यंत फायली, काचेच्या खिडकीला अर्धगोल भोक. आत चष्म्याला साखळी लावलेल्या कारकून बाई होत्या. त्यांनी फॉर्म वाचला, चित्र उलगडलं आणि त्यांचा हात थांबला.

"हे तर आलंय."

"नाही, आम्ही आजच आणलंय," मी म्हटलं.

त्या उठल्या, आतून एक फाइल घेऊन आल्या आणि काचेला टेकवून उघडली. मामाचंच चित्र होतं. कुणीतरी पातळ कागदावर गिरवलेलं. बाजूने, वरून, बोटं उघडी, बोटं मिटलेली. कोऱ्या जागेत एक शब्द लिहिला होता: तणराज. खाली दुकानाचा शिक्का. तारीख सोळा दिवसांपूर्वीची.

मामाने काचेला बोट लावलं. "पट्टी डावीकडे आहे," तो म्हणाला.

"काय?"

"सगळ्यांचा जोर उजव्या पायात असतो. त्याने केलं असतं तर पट्टी उजवीकडे लावली असती. ही डावीकडे आहे कारण माझ्या बायकोचा उजवा गुडघा गेलाय. म्हणून हे माझं आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या. "तुम्ही हरकत घेऊ शकता," त्या म्हणाल्या. "पण हे नाव घेऊन तुम्ही ही वस्तू आधीपासून वापरत होतात, असं काही दाखवावं लागेल. बिल, खोकं, छाप. कशावर तरी लिहिलेलं असेल ना?"

मामाने खिशातून पाटी काढली आणि भोकातून आत सरकवली.

"ही कधीची?"

मामाला खोटं बोलता आलं असतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तसं काही त्याच्या मनातच आलं नाही.

"कालची," तो म्हणाला.

बाईंनी पाटी दोन बोटांनी हळूच परत सरकवली. "आणि गुडघ्याचं हो... ते ह्या रकान्यांत कुठे लिहू मी?"

दुकानाबाहेर उतरत होती ती खोकी तणराजचीच होती. हिरवी, वर मुकुट घातलेलं एक हसरं पान. दुकानदाराने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग तो जोरात बोलू लागला. आवाज चढवल्याशिवाय त्याला ते बोलता आलं नसतं.

"तीनदा विचारलं मास्तर, तीनदा! पोरीला विचारा. घरी येऊन सांगून गेलो. मी काय जन्मभर कोरी पट्टी घेऊन बसू? वर्कशॉप तयार, खोकेवाला दारात. फॉर्ममध्ये नाव लिहायची जागा होती, लिहिलं. शेजारी मालकाची जागा होती, तीही भरावी लागते."

"चित्र माझं होतं."

"होतं. पण तुमचं नाव कुठे होतं त्याच्यावर? मी खोडलं का ते? असेल तर दाखवा."

मामा खोक्याकडे बघत राहिला. मग अगदी साधेपणाने, शंका विचारल्यासारखा म्हणाला, "तणराज म्हणजे तणाचा राजा. हे तर तण काढतं."

"कोण बघतो एवढं! मला दहा मिनिटांत सुचलं. लोकांनी उचललं पण." दुकानदाराने एक खोकं उचलून पुढे केलं. "एक घेऊन जा. तुमच्याकडून काही घेणार नाही."

मामाने ते घेतलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, मी तुला नीट सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतंस."

"हसत सांगितलं."

तो चालता चालता म्हणाला, "मीही हसलोच की."

मामीने आकाशपाताळ एक केलं. दुकानासमोर जाऊन उभी राहते म्हणाली, वकील बघू म्हणाली, त्याच्या घरच्या कुंड्यांत लव्हाळा लावून येते म्हणाली. मामा म्हणाला, "पुरे." त्यानंतर त्या घरात ह्या विषयावर कुणी बोललं नाही. माझी वही मी माळ्यावर टाकली.

महिन्याभरात रोपवाटिकेच्या मालकाने सहा तणराज आणले. ते चांगले होते. मामाचे होते तितकेच चांगले. पट्टी डावीकडेच. गिरवणाऱ्याने तीही गिरवली होती. बायकांच्या तोंडातून 'उभी' कधी गेली ते कळलं नाही. खोक्यावर लिहिलेला शब्द माणसं उचलतात. मामी हट्टाने जुनाच शब्द बोलत राहिली. एकदा सुट्टीच्या दुपारी अंगणातून तिने मला हाक मारली, "अगं, तो तणराज दे जरा आत भिंतीला टेकवलेला..." आणि तोंडावर हात ठेवला. मामा दारातच उभा होता. त्याने आत जाऊन पडद्याच्या दांड्याचं ते पहिलं अवजार आणलं, तिच्या हातात दिलं, आणि घरात निघून गेला. मागचं दार आपटलं.

माझं शिक्षण संपलं, मी दुसऱ्या गावी नोकरीला लागले. पुढच्या हिवाळ्यात गेले तेव्हा मामाच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. मी रोपवाटिकेत त्याला भेटायला गेले आणि मागच्या शेडच्या दारातच थबकले.

बाकावरच्या प्रत्येक रोपाला पाटी होती.

"डोळे भरले त्याच दिवशी लावतात हल्ली," शेजारची खुरपणारी बाई हळूच म्हणाली. "आम्ही विचारलं, मास्तर, हे काय? तर म्हणाले, कुणी दुसऱ्याने लावायच्या आधी."

त्यातले कितीतरी डोळे काळे पडले होते. त्याचा हातही आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. वाळक्या काटक्यांच्या गळ्यात नावं लोंबत होती आणि मामाने ती उतरवली नव्हती. तो टोकाला बसून कलमाला पट्टी गुंडाळत होता. मला पाहून म्हणाला, "आलीस?" आणि पुन्हा खाली बघितलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आल्या. त्यांना लिंबाचं एक फुटलेलं रोप हवं होतं, पण त्याची पाटी गळून कुठे पडली होती. मामाने डब्यात हात घालून हाताला आली ती पाटी काढली. तिथे जुन्या पाट्या उलटून वापरत. त्याने ती उलटी केली आणि खिळ्याने लिंबाच्या जातीचं नाव लिहिलं. लिहिताना मधे हातोडी एकदा थांबली. मी जवळ होते म्हणून मला दिसलं: पलीकडून दोन ओळखीची अक्षरं उलटी उमटून आली होती. मामाने नवीन टिंबं त्यांच्यावरूनच नेली आणि पाटी रोपाला बांधून दिली.

बाईंची नजर कोपऱ्यात टेकवलेल्या अवजाराकडे गेली. पडद्याचा जुना दांडा होता, रंग उडालेला. मामीने कामावर आणला असावा.

"अय्या, हा जुना तणराज का? माझ्याकडेही आहे. फार छान आहे हो."

"हो," मामा म्हणाला.

"फक्त एक कळत नाही. ती पट्टी डावीकडे का ठेवलीय? आमच्याकडे सगळे कुरकुर करतात. ज्याने केलं त्याला एवढंही कसं सुचलं नाही?"

शेडच्या पलीकडे, वाफ्यात, मामी मालकाचा तणराज घेऊन उभ्याने काम करत होती. खट् असा आवाज आला. मामाने तिकडे पाहिलं नाही.

"असेल कुणाचा तरी उजवा गुडघा दुखत," तो म्हणाला.

बाईंना ते विनोदी वाटलं. त्या हसल्या, आणि लिंबू घेऊन गेल्या.